वीण कुणाच्या बापाची?

"वहिनी, सुया ठेवा बाजूला. कोपऱ्यावरच्या बंगल्यात पेटलंय!"

"आता काय झालं माई?"

"मोठी बाळांची जॅकेटं विणते, नमुनेही लिहून विकते ना? धाकट्या जावेनं तिच्या कागदाची झेरॉक्स काढली आणि खुशाल विकायला बसली."

"अगंबाई! वीण कुठली?"

"पानांची जाळी."

"इश्श! ती तर आमच्या आजेसासूबाईसुद्धा विणायच्या. लोकर पुढे, दोन टाके एकत्र. हिची एकटीची कधी झाली?"

"आमचे जावई वकील ना, त्यांना विचारलं. म्हणाले, वीण कुणाचीच नाही. पण ओळ न् ओळ लिहिली, चौकटींचा तक्ता आखला, तर तो मजकूर लिहिणारीचा. 1957चा कायदा आहे, ती गेल्यावरही 60 वर्षं हक्क राहतो."

"आणि नुसतं जॅकेट बघून विणलं तर?"

"तिथे घुटमळले हो. कपड्याच्या डिझाइनचं गणित वेगळं म्हणे. नोंदवायजोगं असून नोंदवलं नाही आणि मालकानंच कारखान्यात 50 च्या वर नग काढले, की कॉपीराइट संपला."

"50? माझं एक उरकेपर्यंत बाळ रांगायला लागतं!"

"अमेरिकेतल्या एलिझाबेथ झिमरमनचं जॅकेट माहितेय ना? 1968चं. अख्खं एका तुकड्यात. सुईवर असताना कशाचा कशाला मेळ नाही, पण घडी घालून खांद्यांवर दोन शिवणी मारल्या की जॅकेट तयार! तरी बाई म्हणायची, मी शोध नाही लावला, कुठेतरी होतंच, ते उकरून काढलं."

"बघा, किती मोठं मन!"

"मन मोठं, पण नमुने स्वतःच छापून विकायची हो. त्यात काय चुकलं? डोकं तिनं चालवलं."

"आपल्याकडची भांडणं तरी घरातली. तिकडे त्या शनेल फॅशन कंपनीनं काय केलं! 2015 साली त्यांची माणसं स्कॉटलंडच्या फेअर आयलवर गेली, तिथं विणकाम करणाऱ्या माती व्हेंट्रिलॉनकडून स्वेटर घेतले, अभ्यासाला म्हणून. डिसेंबरात रोमच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तसलेच! तिनं बोभाटा केला, तेव्हा माफी मागून तिचं नाव दिलं."

"पण फेअर आयलची नक्षी तर सगळ्या बेटाची."

"असेना. त्यातून कुठली निवडायची, कशी मांडायची, ते तिचंच की. बेटाचं नाव आहेच, तिचंही घ्यायला काय पैसे पडतात?"

"इथे तेच तर! धाकटीनं कागदावर नाव टाकलंय."

"टाकलंय? मग भांडण कशाचं?"

"स्वतःचं टाकलंय!"

"कमाल आहे! मोठीला कळलं कसं पण?"

"तिच्या कागदात बाहीच्या तिसऱ्या ओळीत दोन टाके कमी पडतात, छापतानाची चूक. धाकटीच्या गिऱ्हाइकांनी विणायला घेतलं, तर सगळ्यांच्या बाह्या तिसऱ्याच ओळीत अडल्या. आणि तक्रार घेऊन त्या बायका आल्या कुणाकडे? मोठीकडे!"