यांजकडून सप्रेम भेट

काशीला माणूस जातो तो काहीतरी सोडायला. आमच्या आजीनं काशीला पडवळ सोडलं आणि ती गोष्ट ती पुढं आयुष्यभर मोठ्या अभिमानानं सांगत असे. पडवळ तिला लहानपणापासूनच आवडत नव्हतं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं; पण विश्वेश्वराला कोण सांगणार? सोडायचं ते आवडीचं, असं जाणती माणसं सांगतात. तरी हापूस आंबा सोडून आलेला मराठी यात्रेकरू अजून माझ्या पाहण्यात नाही. कारली, दुधी, घोसाळी, सुरण यांचा मात्र आपण काशीत एवढा त्याग करून ठेवलाय, की गंगेच्या तळाशी एव्हाना मोठी मंडई भरत असेल. अशा गावाला मी जातो तो काही मिळतंय का ते बघायला, आणि तेही गहाणाच्या दुकानांतून. चार लोक घाटावर मोहमाया सोडत असतात, तेव्हा मी वरच्या गल्लीत एखाद्या हिरवट पडलेल्या पळीला हात लावून उभा असतो.

मला जुन्या भांड्यांचा नाद आहे. याला संग्रह म्हणायची माझी छाती नाही. संग्रह कसा असतो ते पुण्यात दिनकर केळकरांनी दाखवून दिलंय. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करणारा हा माणूस अडकित्ते, दिवे, दौती, कुलुपं गोळा करत खेडोपाडी हिंडला, आणि वीस हजारांवर गेलेल्या त्या सगळ्या वस्तूंना नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. काशीतही राय कृष्णदासांनी १९२० साली भारत कला भवन उभारलं. आता ते हिंदू विश्वविद्यालयात आहे आणि तिथली लघुचित्रं बघताना आपल्या डोळ्यांचीच लाज वाटते, इतकं बारीक काम. या मंडळींच्या पंगतीत मी बसू शकत नाही. माझ्याकडं असतील दहापाच भांडी, त्यांतली निम्मी गळकी. आणि मला ओढ आहे ती एकाच प्रकाराची: ज्यावर नाव घातलंय अशा भांड्यांची.

नावाच्या बाबतीत काशीतला पंचगंगा घाट हे मोठं मजेचं ठिकाण आहे. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्या इथं एकत्र येतात, अशी श्रद्धा. डोळ्यांना दिसते एकटी गंगा. उरलेल्या चौघी कुणीतरी कधीकाळी अडचणीत गहाण टाकल्या असाव्यात आणि सोडवायचं राहून गेलं असावं, असं मला त्या पायऱ्यांवर बसलं की वाटतं. वर आलमगीर मशीद आहे, ती बिंदुमाधवाच्या जुन्या मंदिराच्या जागी औरंगजेबाच्या काळात उभी राहिली. तिच्या उंच मिनारांना मात्र सगळी काशी ‘माधवराव का धरहरा’ म्हणायची. देवळातला माधव गेला तो मिनारावर जाऊन बसला, आणि वर कुणीतरी त्याला ‘राव’ही लावून दिलं. हे मिनार डळमळू लागले तेव्हा ते सावरले जेम्स प्रिन्सेपनं. काशीच्या टांकसाळीत १८२० ते १८३० नोकरी केलेला, नाण्यांनी झपाटलेला आणि पुढं १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडणारा हा गृहस्थ. झिजलेल्या अक्षरांवरून नावं ओळखण्याच्या धंद्यात त्याच्याइतका मोठा माणूस झाला नाही. त्याचे मिनारही आता नाहीत. एक १९४८ साली कोसळला, दुसरा सरकारनं उतरवला. बिंदुमाधव शेजारच्या लहान देवळात राहतो. ते देऊळ बांधलं औंधच्या पंतप्रतिनिधींनी, म्हणजे ज्यांच्या घराण्यातल्या बाळासाहेबांनी १९३८ साली औंधाच्या टेकडीवर आख्खं वस्तुसंग्रहालय उघडलं, त्यांच्याच घराण्यानं.

घाटावर अहिल्याबाईंची दगडी दीपमाळ आहे, तिला ‘हजारा’ म्हणतात. कार्तिकात बांबूच्या टोकांना वेताच्या करंड्यांतून आकाशदिवे चढतात आणि पौर्णिमेला हजारा पेटतो. कार्तिकी पौर्णिमेचं आणि आपलं आणखीही एक नातं आहे. एकनाथी भागवत पुरं झालं ते १५७३ सालच्या याच तिथीला, याच काशीत. पैठणात लिहिलेले पहिले पाच अध्याय इथं पोचले, प्राकृतात भागवत म्हटल्यावर पंडितांच्या भुवया वर गेल्या आणि नाथांना बोलावणं आलं, असं परंपरा सांगते. सावकारी नजरेनं पाहिलं तर पंडितांनी पाच अध्याय अडकवून ठेवले आणि नाथांनी सव्वीस अध्याय भरून ते सोडवले. एवढं व्याज काशीत दुसऱ्या कुणी भरल्याचं ऐकिवात नाही.

घाटाला लागूनच, ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागांत, मराठी अजून कानावर पडते. नाना फडणविसांचा वाडा तिथंच. तिथल्या वाड्यांच्या खोल्यांतून एके काळी काशीवासाला आलेली म्हातारी माणसं राहायची. विधवा बायका पुष्कळ. येताना ट्रंकेत काय आणायच्या? दोन लुगडी, बाळकृष्ण, पळी-पंचपात्र, ताम्हन. आणि इकडून आपल्याकडं काय जायचं? तोंडाला डाक देऊन बंद केलेला गंगाजलाचा तांब्याचा गडू. तो देवघरात वर्षानुवर्षं तसाच बसायचा, कुणी फोडायचं नाही, कारण तो फोडायची वेळ म्हणजे घरातल्या कुणाची तरी शेवटची वेळ. असं तांबं इकडून तिकडं आणि तिकडून इकडं दोनशे वर्षं फिरत राहिलं. तिकडून आलेलं तांबं परत मात्र कधी गेलं नाही. ते ठठेरी बाजारात मोडीत निघालं, नाहीतर गहाणाच्या कोनाड्यात जाऊन बसलं.

मी जातो त्या दुकानाला पाटी नाही. गहाणाच्या दुकानाला पाटी नसणं हेच बरं. येणाऱ्याला वाट ठाऊक असते आणि जाणाऱ्याला ती कुणाला दाखवायची नसते. गादीवर एक वृद्ध गृहस्थ बसतात, मागं भिंतीत कोनाडे, कोनाड्यांत लाल कापडाच्या पुरचुंड्या. प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: नाव, रक्कम, तिथी. सोनंनाणं आत तिजोरीत. बाहेर दिसतात ती गरिबाघरची गहाणं: हातानं फिरवायचं शिलाईयंत्र, चांदीचं म्हणून ठेवलेलं पण तसं नसलेलं फुलपात्र, आणि एक टेबलावरचं घड्याळ. त्याला ते रोज सकाळी चावी देतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, “गिरवी की चीज़ है बाबूजी, लौटाएँगे तो चलती हुई लौटाएँगे.” एवढी सचोटी मी बँकेतही पाहिलेली नाही.

अशा दुकानात वागायची एक रीत असते. ज्या वस्तूवर जीव जडलाय तिच्याकडं बघायचं नाही. कांदेपोह्यांच्या बैठकीत मुलगा जसा मुलीला सोडून तिच्या मामांच्या चष्म्याकडं टक लावून पाहतो, तसं शेजारच्या ॲल्युमिनियमच्या किटलीकडं बघायचं, तिची किंमत विचारायची, तिच्या चोचीबद्दल तक्रार करायची, आणि जाता जाता सहज म्हणून “और ये?” असं म्हणायचं. ही रीत माझ्याइतकीच दुकानदारालाही पाठ असते. त्यामुळे आम्ही दोघंही त्या किटलीवर बराच वेळ गंभीरपणे बोलतो. ती किटली कुणीही कधी घेणार नाही, पण तिच्यावाचून धंदा चालायचा नाही.

जवळच बालाजीचं देऊळ आहे, जिथं उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षं रियाज केला. म्हणून एकदा मी विचारलं, कधी एखादं वाद्य येतं का गहाणाला? म्हातारबुवांनी मान हलवली. बनारसमधला वाजवणारा बायकोच्या पाटल्या आणून ठेवील, पण साज ठेवणार नाही. आणि ठेवलाच तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत पायरीवर बसलेला असतो. पाटल्यांच्या मालकिणीचं यावर काय म्हणणं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी किटलीच्या पलीकडं एक ताम्हन होतं. तळहाताहून थोडंसं मोठं, काठ बाहेर वळवलेला, एका जागी पोचा आलेला. काठाच्या खालच्या अंगाला ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. छिन्नीवर हातोडीची हलकी टिचकी मारत नाव घालायची ती जुनी तऱ्हा. हल्ली यंत्राची सुई झरझर लिहून जाते, पण त्यात ‘य’ची शेपटी अशी लडिवाळ वळत नाही. मी उजेडाकडं धरून वाचलं: यांजकडून सप्रेम भेट. कुणाकडून ते गेलं होतं. तिथं अंगठ्याएवढी जागा गुळगुळीत, आरशासारखी. रोज भांडं घासताना चिंचेचा बोळा पहिल्यांदा टेकायचा तो नेमका तिथंच. देणाऱ्याचं नाव घासून पुसलं गेलं ते नेमानं, भक्तिभावानं, एकही दिवस न चुकता. प्रेम तेवढं उरलं, तेही बेनामी.

पुढं साल होतं: शके १८४, आणि चौथा आकडा पोच्यात बुजलेला. आता गंमत बघा. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार कलाकुसरीची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू ठरते. तिला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात, तांब्यापितळेला पूर्ण शंभरी गाठावी लागते. बुजलेला आकडा शून्य असेल तर ताम्हन १९१८ चं, नऊ असेल तर १९२७ चं. म्हणजे माझ्या हातात एकतर देशाचा ठेवा होता, नाहीतर अजून थोडे दिवस नुसतं भांडंच. हा निकाल त्या पोच्यानं दाबून ठेवलेला. पाहुण्यांना ताम्हन दाखवताना मी आकडा शून्यच धरतो. कायद्याचा माणूस आला, तर नऊ.

हे ताम्हन गादीवरच्या गृहस्थांच्या आजोबांच्या वेळचं. “अम्मा थीं कोई, दक्खिन की,” त्यांनी ऐकलेलं सांगितलं, “महीने के आख़िर में रखती थीं, पैसा आता था तो छुड़ा ले जाती थीं.” म्हणजे घरून मनिऑर्डर यायची, तिच्यातून ताम्हन सुटायचं, आणि वीस-पंचवीस दिवसांनी पुन्हा कोनाड्यात. त्या व्याजात बाईंनी ताम्हनाची किंमत कितीदा तरी फेडली असेल. नवं घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं. पण नव्यावर ते ठिपके नसते. ताम्हन गहाण असतानाच्या दिवसांत बाळकृष्णाला आंघोळ कशात घालत असतील? एखाद्या पितळी वाटीत. आणि एकदा रोजच्यासारखं भांडं ठेवून त्या गेल्या आणि सोडवायला आल्या नाहीत. काशीत याचा अर्थ कुणी विचारत नाही. ज्या कामासाठी त्या आल्या होत्या ते झालं.

मग इतकी वर्षं मोडीत का नाही घातलंत, म्हटल्यावर म्हातारबुवा म्हणाले, “सोचा, दक्खिन से कोई आएगा तो दे देंगे.” हे वाक्य ते विंध्याच्या खालच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वाक्य चांगलं होतं, आणि चांगल्या वाक्याचे पैसे कुठंतरी धरावेच लागतात, म्हणून मी मुकाट्यानं वाट पाहिली. त्यांनी ताम्हन तागडीत टाकलं, तांब्याचा भाव सांगितला, तेवढेच पैसे घेतले. नावाचे? “नाम का पैसा नहीं लगता.” मी एक रुपयाही कमी करा म्हणालो नाही. घरी विचारलं, या खेपेला काशीला काय सोडलंत? म्हटलं, घासाघीस. ती मला कधी जमत नव्हतीच.

बाईंचं नाव शोधता आलं असतं. काशीतल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्याकडच्या घराण्यांच्या पिढ्यान् पिढ्या टिपलेल्या असतात. गाव, कूळ, कोण कधी आलं, कुणाबरोबर आलं, सगळं सापडतं. पण शोधायचं म्हणजे आधी नाव हवं. माझ्याजवळ होतं ते नावाच्या नंतरचं.

ताम्हन आता माझ्याकडं आहे, पण मी ते चकचकीत केलेलं नाही. येणारेजाणारे कळवळून म्हणतात, अहो, लिंबूमीठ लावा, सोन्यासारखं निघेल. मी नुसता ओल्या फडक्यानं पुसतो. तुमच्याही देवघरात, नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत, नाव घातलेली भांडी असतीलच. ती वापरात ठेवा, पूजेला घ्या, पाहुण्यांना त्यांतून पाणी द्या. मात्र घासताना अक्षरांची बाजू सोडून चिंच लावा, आणि मोडीत घालायची वेळ आलीच तर आधी ते नाव एका कागदावर उतरवून घ्या.