एकहाती वापरलेली

जुन्या गाडीची जाहिरात लिहिताना धादांत खोटं कोणीच बोलत नाही. खरं कुठपर्यंत सांगून थांबायचं, एवढंच ठरवावं लागतं. 'डॉक्टरांची गाडी' ही खरोखर डॉक्टरांचीच असते. ते डॉक्टर वाड्या-वस्त्यांवर व्हिजिटला जायचे, हे विचारल्याशिवाय सांगायचं नसतं. 'लेडी ड्रिव्हन'चा अर्थ लेडी शेजारच्या सीटवर बसून चालवत होत्या, असाही निघतो. आमच्या घरात तोच निघतो. आणि 'टायर ७० टक्के' यातले ७० टक्के उरलेले की उडालेले, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग.

आमची २०१२ची वॅगन आर विकायची ठरली, तेव्हा ही सगळी परिभाषा मला तोंडपाठ होती. अडचण अण्णांची होती. माझे वडील जन्मभर सरकारी हिशेबतपासनीस. गाडी घेतल्यापासून तिच्यात पडलेलं प्रत्येक लिटर पेट्रोल त्यांच्या लाल वहीत तारखेनिशी नोंदलेलं आहे. जाहिरातीचा मसुदा त्यांनी स्वतःहून करून आणला. 'दोष' या मथळ्याखाली अकरा कलमं होती आणि 'गुण' या मथळ्याखाली एकच शब्द: 'चालते'.

मसुदा बाजूला ठेवून आधी गाडी वॉशिंग सेंटरला दिली. तिथल्या पोराने सीट बाहेर काढल्या आणि आमच्या संसाराचं उत्खनन सुरू झालं. दसऱ्याच्या झेंडूच्या पाकळ्या, रत्नागिरीच्या पेटीतला पेंढा, गुहागरची वाळू, एक्स्प्रेसवेच्या टोलच्या पावत्या आणि सौभाग्यवतींचं एक कानातलं. हे कानातलं हरवल्याचा आळ तेव्हा मोलकरणीवर आला होता, त्यामुळे त्या विषयावर घरात कोणी फार बोललं नाही. व्हॅक्युम फिरल्यावर खालचं कार्पेट बदामी रंगाचं असल्याचं समजलं. इतकी वर्षं आम्ही ते काळंच समजत होतो.

"काका, आत काय सांडलं होतं का?" पोराने नाक धरून विचारलं.

कोल्हापूरहून येताना साताऱ्याच्या अलीकडे तांबड्या रश्शाचा डबा उलटला होता. त्याने फोम मारला, ब्रश मारला, शेवटी लिंबाच्या वासाचा स्प्रे मारला. तेव्हापासून गाडीला लिंबू पिळलेल्या रश्शाचा वास येऊ लागला. भूक लागायची, पण विक्रीच्या दृष्टीने त्याचा उपयोग नव्हता.

मग दुरुस्त्या. मागची डावी काच कित्येक वर्षं खाली जात नव्हती, ती जाऊ लागली. गुडघा दिल्याशिवाय न लागणारं दार बोटाने लागू लागलं. एसीत गॅस भरला, रबिंग-पॉलिश झालं, सीटना नवी कव्हरं आली. बायको मागे बसली, काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. "हे सगळं आपण वापरत होतो तेव्हा का नाही केलंत?" असं तिने शांतपणे विचारलं. या प्रश्नाला उत्तर नसतं. आपण घर रंगवतो तेही लग्नाला पाहुणे येणार म्हणून.

एकच गोष्ट राहिली होती, उजव्या मागच्या दाराचा पोचा. तो सोसायटीच्या गेटने दिलेला. विम्यातून तेव्हाच काढता आला असता, पण क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. सलग पाच वर्षं क्लेम केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते, हे अण्णांना पाठ. ती सूट टिकवण्यासाठी पोचा जपला. गाडी विकली तरी हा बोनस मालकाकडेच राहतो, नव्या गाडीच्या विम्यात वापरता येतो. म्हणजे पोचा घेणाऱ्याला आणि बोनस आम्हाला, अशी ही वाटणी. अण्णांना ती अन्यायाची वाटत होती. "निदान जाहिरातीत लिही तरी," ते म्हणाले.

वॉशिंग सेंटरवर एक गृहस्थ भेटले. मीटर ८७ हजारांवर होता. "पन्नासवर आणून देऊ का? सगळेच करतात," ते माझ्या कानाशी म्हणाले. मी काही बोलायच्या आत अण्णांनी पिशवीतून लाल वही काढून त्यांना पान दाखवलं. "मग मागचे ३७ हजार किलोमीटर पेट्रोल मी प्यालो, असं लिहू का?"

फोटोसाठी सकाळचं कोवळं ऊन लागतं आणि मागे काहीही नसावं लागतं. पुण्यात 'मागे काहीही नाही' अशी जागा शोधणं हे गाडी विकण्यापेक्षा अवघड. आमच्या पार्किंगमध्ये पाठीमागे गाद्या वाळत असतात. शेवटी वेताळ टेकडीच्या पायथ्याशी गेलो. पोच्याचं दार दिसणार नाही अशा बेताने डावीकडून, तिरके फोटो काढायला घेतले. नंबरप्लेट झाकायची म्हटल्यावर अण्णा बिथरले. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना ती नवी उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, तेव्हा रांगेत मोबाईलवर झगडून त्यांनीच ती मिळवलेली. "झाकायला गाडी चोरीची आहे का?" असं म्हणून ते कॅमेऱ्यात उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून छत्री धरून उभे राहिले.

जाहिरात लागली आणि फोन टणाटण वाजू लागला. पहिला संदेश: 'लास्ट?' मागेपुढे काही नाही. दुसरा: 'बुलेटवर एक्स्चेंज करता का?' तिसऱ्याने फोटो मोठा करून पाहिला होता: 'दारात छत्री घेऊन कोण उभं आहे? आणि हाफ पँटमधले वाकलेले गृहस्थ?' पॉलिश इतकं झकास झालं होतं की आम्ही दोघे मागच्या दारात स्वच्छ उमटलो होतो.

एकाने सैन्यात असल्याचं सांगितलं. गाडी न बघताच घेतो, पैसे आत्ता पाठवतो, तुम्ही फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. क्यूआर आणि पिन पैसे द्यायला लागतात, घ्यायला नव्हे, असं पोलिसांनी किती वेळा सांगितलंय. पण अण्णांना पोलिसांची गरज पडली नाही. "पैसे तुम्ही देणार, तर सही मी का करायची? आधी व्हाउचर पाठवा," ते म्हणाले. तिकडून फोन ठेवला गेला. मग सोसायटीतले एक काका घाबरवायला आले: आता जुनी गाडी तोट्यात विकली तरी १८ टक्के जीएसटी! डिसेंबर २०२४मध्ये जीएसटी परिषदेने तो दर ठरवला खरा, पण तो नोंदणी असलेल्या विक्रेत्याच्या नफ्याच्या फरकावर. घरगुती माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. काकांना ते समजावून देता देता अण्णांचा रविवार आनंदात गेला.

पुढच्या रविवारी मंचरहून एक तरुण आला. सोबत वडील, बायको आणि मेकॅनिक. मेकॅनिक काही बोलेना. त्याने बोटाच्या पेराने पत्रा टकटक वाजवून पाहिला, कुठे लांबी भरलीय का ते बघायला खिशातून लोहचुंबक काढून दारावर फिरवलं, बॉनेट उघडून कान दिला आणि नुसती मान हलवली. मान हलली की मी पाच हजार उतरत होतो. पोच्यापाशी तो पोचायच्या आत अण्णा म्हणाले, "हा पोचा. गेट लागलं होतं. अजून दहा दोष आहेत, वाचून दाखवू?" तरुणाचे वडील अण्णांकडे बघतच राहिले. "पाव्हणं, तुमच्याकडून गाडी घ्यायला भीती वाटत नाही," ते म्हणाले आणि सौदा ठरला.

फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्या. मग अण्णांनी डिलिव्हरी नोट काढली. आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक जुनाच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा ताबा कोणत्या मिनिटाला दिला ते लिहायचंच, असा त्यांचा आग्रह. पण पावणेपाच वाजले होते आणि रविवारी राहुकाळ साडेचार ते सहा. सहाच्या आत चावी घ्यायला पाहुणे तयार नाहीत आणि वेळ पुढची टाकायला अण्णा. म्हणून सगळे बसले. चहा आला. मेकॅनिकने पहिला घोट घेतला, कपाकडे बघितलं आणि तशीच मान हलवली. माझ्या तोंडून "बरं, आणखी दोन हजार कमी करतो" निघून गेलं.