टेकरावरची बांधी

पोकरच्या टेबलावरची सर्वांत केविलवाणी जागा कुठली, असं कुणी विचारलं तर मी बिग ब्लाइंडची म्हणेन. वाटणाऱ्याच्या डावीकडचा पहिला गडी छोटा ब्लाइंड भरतो, त्याच्या पलीकडचा मोठा, आणि हे भरायचं ते पत्ते हातात यायच्या आधी. एक्क्यांची जोडी येणार की सत्ती-दुर्री, याचा पत्ता नसताना पैसे पुढे सरकवायचे. बाकीचे निवांत कोपरा उचलून आपले दोन पत्ते पाहतात, नाक मुरडतात, टाकून देतात. त्यांच्या बापाचं काही जात नाही. त्यात स्पर्धा असेल तर ठरावीक वेळानं ब्लाइंड वाढतच जातो, म्हणजे माणूस नुसता शहाण्यासारखा हाताची घडी घालून बसला तरी समोरची चिप्सची चळत आटत जाते. शहाणपणावर इतका उघड कर लावणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

मग पलीकडून कुणीतरी डाव वाढवतो, मधले सगळे पत्ते टाकतात आणि सारं टेबल आपल्याकडे बघू लागतं. हातात असते किलवरची नव्वी नि सत्ती. टाकून द्यावी इतकी वाईट नाही, खेळावी इतकी चांगली नाही. बोलावलं तर येणारी आणि नाही बोलावलं तर न रुसणारी अशी दूरच्या नात्यातली माणसं असतात ना, तशातली ही जोडी.

माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो आणि अशा हातांबद्दल फार जिव्हाळ्यानं बोलतो. ऑगस्ट 2025मध्ये केंद्राच्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हापासून तो फुकटच्या चिप्सवर खेळतो, पण तळमळ पूर्वीचीच. त्याचा हिशोब असा. ब्लाइंड 100 आणि 200, शिवाय 200ची अँटी, आणि कुणीतरी 400 केले. मधे 900 जमले. मोठ्या ब्लाइंडवाल्याला टाकायचे आहेत फक्त आणखी 200. म्हणजे 1,100च्या ढिगासाठी 200, शंभरात एकोणीस वेळा जिंकलं तरी वसूल. नव्वी-सत्ती याहून पुष्कळदा जिंकते. "मामा, अशी सवलत दुसऱ्या कुणालाच मिळत नाही," असं तो म्हणतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सेलमधून बाहेर पडणाऱ्या माणसाचं समाधान असतं. सवलतीतली मेख तो मागाहून सांगतो. टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडले की समोरच्याच्या आधी बोलायची पाळी आपली. तो ऐकून ठरवणार, आपण अंधारात बोलायचं.

पोकरची पुस्तकं बजावतात की एकदा मधे टाकलेला पैसा आपला राहत नाही, त्याच्या मायेनं खेळू नका. पटतं. पण नजर त्या ढिगात आपल्या दोनशेच्या चिप्स बरोबर ओळखते, जत्रेत हरवलेलं पोर ओळखावं तशी. आणि मनाला नादावायला डॉयल ब्रन्सन आहेच. या टेक्सासच्या गड्यानं 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षं पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती होती दश्शी-दुर्री! दोन्ही वेळा तिचं फुलहाउस झालं. तेव्हापासून जगभरच्या हौशी लोकांनी दश्शी-दुर्रीपायी किती पैसे घालवले असतील, ते त्यांच्या बायकांना विचारावं.

आमच्या भंडारा जिल्ह्यात पोकर कुणी खेळत नाही. आमचा ताश वेगळा. पोळ्याच्या सुमारास धानाची रोवणी आटोपलेली असते, बैलांची पाठ मोकळी, माणसांचे हात मोकळे, आणि मग एखाद्या आडोशाला तीन पत्ती रंगते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'हारजीतचा जुगार' असा मथळा येतो आणि जप्त मुद्देमालात रोख रकमेइतक्याच अदबीनं 52 ताशपत्त्यांची नोंद होते. तीन पत्तीतला ब्लाइंड मात्र केविलवाणा नाही, तो ऐटीत असतो. पत्ते न पाहता खेळणाऱ्याला चाल अर्ध्या किमतीत पडते, पाहणाऱ्यानं दुप्पट मोजायची. अज्ञानाला इतकी रोख सूट आणखी कुठे मिळत असेल? तसं पाहून तरी काय दिसणार असतं! तीन पत्त्यांचे एकूण 22,100 हात होतात आणि त्यातल्या 16,440 हातांत जोडी नाही, रंग नाही, काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना तीन पत्तीला निव्वळ नशिबाच्या रांगेत बसवलं, ते काही उगाच नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. फाशांपायी बायको गेली, सासू वैरीण झाली, असं रडगाणं गात गात शेवटी त्याला उपदेश मिळतो, की बाबा, फासे सोड आणि शेती कर. उपदेश करणाऱ्या ऋषीकडे ओलिताची जमीन असावी. शेती म्हणजे जुगार हे वाक्य आता फार झिजलंय, आणि ते नेमकंही नाही. शेती म्हणजे तीन पत्तीचा ऐटबाज ब्लाइंड नव्हे. ती पोकरची मोठ्या ब्लाइंडची जागा, आणि तिथून आमचा धानवाला कधी उठतच नाही. मृगाचा भरवसा नसताना तो पऱ्हे टाकतो. एकवीस-पंचवीस दिवसांत पऱ्हे रोवायला हवेत, पुढे ते जरठ होतात, फुटवे कमी येतात. आभाळ गप्प असतं आणि वाट पाहण्याची किंमत रोज वाढत जाते.

साकोलीकडे माझ्या मामांची शेती आहे. चार बांध्या मामा तलावाखाली. (हा मामा वेगळा, 'माजी मालगुजारी'तला. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव शेकडो वर्षं पाणी देताहेत.) पाचवी बांधी टेकरावर, जिथे तलावाचं पाणी चढत नाही. पावसानं मनावर घेतलं तर पिकते. एका आषाढात भाचा माझ्याबरोबर तिथे आला होता. पाऊस दडी मारून बसलेला, पऱ्हे पिवळे पडायला लागलेले, आणि मामा बांधावर उभे राहून टेकराकडे बघत होते. भाच्यानं ती नजर ओळखली.

"आबाजी, ही किती वेळा पिकते?"

"पाचातून दोनदा. कधी तेही नाही."

भाच्यानं मोबाइल काढला. बियाणं, नांगरणी, पऱ्ह्यांचं खत, हे सगळं आधीच पडलेलं, ते धरायचं नाही. उरली चिखलणी आणि रोवणीची मजुरी. समोर धानाचा भाव. त्यानं बोटं चालवली आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसं सांगितलं, "बरोबर आहे आबाजी. सोडू नका. रोवा."

मामांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. परवानगीसाठी ते थांबले नव्हतेच.

"तुह्या हिशोबात नसतं बसलं, तरी रोवलीच असती ना बाप्पा."

"का पण?"

"अरे, थे बांधी पडीत ठेवली का गाववाले घरी येते. तब्येत बरी हाय ना म्हून पुसते. मंग त्याइले चाय पाजा लागते."

भाचा मोबाइलकडे बघत राहिला. ही रक्कम कुठे धरायची, ते त्याला सुचेना. मग त्यानं विचारलं, "रोवणीला बाया किती लागतील?"

"चार," मामा म्हणाले, आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र बुटांकडे पाहत त्यांनी दुरुस्ती केली, "तू चिखलात उतरशीन, तं साडेतीन."