डॉलीचा बळी आणि लांडग्याची पदावनती

युरोपात लांडग्याला 'कडक संरक्षण' मिळाले ते १९७९ च्या बर्न करारामुळे. पुढे लांडगे वाढले, मेंढ्या मरू लागल्या, मेंढपाळ ओरडू लागले. ही ओरड ब्रसेल्सपर्यंत पोचायला बरीच वर्षे लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये मात्र जर्मनीच्या लोअर सॅक्सनीत डॉली नावाचे म्हातारे तट्टू लांडग्याने मारले. ते युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन देअर लायेन यांच्या घरचे होते.

डीएनए तपासून गुन्हेगार निश्चित झाला : जीडब्ल्यू९५०एम. त्याला गोळी घालण्याचा परवानाही निघाला. मुदत संपली तरी आरोपी फरारच. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने लांडग्याचा दर्जा उतरवण्याचा प्रस्ताव मांडला. डॉलीचा त्याच्याशी संबंध नाही, हे अर्थातच आले. आयोगाच्याच अभ्यासानुसार युरोपीय संघात सुमारे २०,००० लांडगे आहेत आणि ते वर्षाला हजारात एकही मेंढी मारत नाहीत. ज्याच्या कळपावर धाड पडते त्याला अर्थात ही सरासरी खाऊ घालता येत नाही. पण कुंपण, राखणदार कुत्रे आणि वेळेवर भरपाई यांवर निवडणूक रंगत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये 'कडक' हा शब्द मतदानाने गळला; मार्च २०२५ पासून लांडगा नुसताच 'संरक्षित' आहे.