पाणी टाकलं का रे?

नागपूरच्या नंदनवन वस्तीत एप्रिल लागला की माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, ‘कूलर लागला का?’ असं विचारतात. पत्र्याचा कूलर गच्चीवरून खाली येतो, जुनं कुजकं वुडवूल काढून नवं भरलं जातं, पंप दोनदा कुरकुरून सुरू होतो, आणि घरातला सर्वांत धाकटा माणूस पाईप घेऊन टाकीपाशी नेमला जातो. पुढे मृगापर्यंत त्याच्या वाट्याला एकच प्रश्न : ‘पाणी टाकलं का रे?’

पदार्थाची अवस्थांतरं आम्ही शाळेत मार्कांपुरती केली. बर्फाला उष्णता देत राहिलं तरी तो पुरता वितळेपर्यंत तापमापीतला पारा शून्यावरून हलत नाही, हे 1760च्या दशकात ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने दाखवून दिलं. मग ती उष्णता जाते कुठे? वितळण्यातच खर्च होते. पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला 80 कॅलरी लागतात, आणि उकळत्या पाण्याची वाफ व्हायला 540. न उकळता, वुडवूलवरून गुपचूप उडून जायचं तर पाण्याचा दर थोडा वाढतोच, 580च्या आसपास. ही रक्कम ते खोलीत येणाऱ्या हवेकडून वसूल करतं. आमचा उन्हाळा या वसुलीवर निघतो.

हिशेब मांडून पाहा. कूलरमधून तासाला सहा लिटर पाणी उडालं, तर सुमारे चार किलोवॉटच्या दराने उष्णता खेचली जाते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट खेचतो. (यातली बरीचशी उष्णता बाहेरची भट्टी आत घेण्यापुरती माणसाळवण्यातच जाते, हे एसीवाल्यांच्या समाधानासाठी सांगून टाकतो.) आणि हा ‘टन’ म्हणजे मशीनचं वजन नव्हे. अमेरिकी मापाचा एक टन, म्हणजे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढा तो दर. दुकानदार ‘दीड टन घेऊन टाका साहेब’ म्हणतो, तेव्हा तो अजूनही बर्फाच्या लाद्यांतच भाव सांगून राहिला असतो.

मुंबईचे पाहुणे मे महिन्यात येतात. येऊ नये, पण लग्नं तेव्हाच असतात. ‘एवढ्याशा डब्याने गारवा कसा येतो हो?’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांच्याकडची हवा आधीच पाणी पिऊन तट्ट असते, आमची कोरडी ठणठणीत. पण गर्व करण्यात अर्थ नाही. पहिला पाऊस पडला की हाच कूलर असा काही चिपचिपा वारा फेकतो की काल त्याच्यासमोरच्या गादीवरून भांडणारे आज त्याच्याकडे पाठ फिरवून बसतात.

हिवाळ्यात कसोटी खोबरेल तेलाची. ते 24 अंशांच्या आसपास थिजतं. नागपूरने मे 2013मध्ये 47.9 अंश पाहिले आणि डिसेंबर 2018मध्ये 3.5, तेव्हा बिचाऱ्या तेलाने कुठल्या अवस्थेत राहावं? तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे तेलाच्या व्यवसायातले. त्यांच्या नावाचा चौक जवळ असूनही जानेवारीत आमच्या बाटलीतून थेंब निघत नाही. मग ती उन्हात ठेवायची, नाही तर उदबत्तीच्या काडीने कोरायची.

त्याच दिवसांत पेटीतून स्वेटर निघतात. घड्यांत ठेवलेल्या डांबरगोळ्या गायब, वास तेवढा शिल्लक. स्थायूने द्रव होण्याची पायरीच गाळली. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद पेटीत राहून हा निर्णय त्यांनी घेतला असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

तर आता कूलर लावाल तेव्हा खोली एसीसारखी बंद करू नका. समोरची खिडकी उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर नव्या पाण्याला उडायला जागाच उरत नाही आणि घराचं न्हाणीघर होतं. आणि टाकीत पाईप सोडण्याआधी प्लग काढा, पत्र्याचा कूलर असेल तर अर्थिंगही तपासून घ्या.