अत्यावश्यक वस्तूंची यादी आणि तळेघर

‘याच्याशिवाय जगणेच अशक्य’ अशा घरगुती वस्तूंची मध्यमवर्गीय यादी दर दहा वर्षांनी नव्याने लिहिली जाते, आणि या पुनर्लेखनाचा नियम असा दिसतो की यादीत वस्तूंची भर पडते, नाव मात्र कोणाचेच कमी होत नाही. मिक्सर, फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन, पाणी शुद्ध करणारे यंत्र, इन्व्हर्टर आणि वायफाय ही आजची मानाची पाने होत. त्यांत इन्व्हर्टरला, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीत साठवलेली वीज पुरवणाऱ्या पेटीला, विशेष प्रतिष्ठा आहे. कारण इतर सोयी बंद पडू नयेत एवढ्यासाठीच घेतलेली ती सोय आहे. शास्त्रीय चर्चेस व्याख्या लागते, तेव्हा अत्यावश्यक वस्तू तिला म्हणावे, जी घरात येण्यापूर्वी तिची उणीव कोणाला भासली नव्हती आणि जी बंद पडताच घरातील माणसांना नाइलाजाने एकमेकांशी बोलावे लागते.

या वस्तूंचा इतिहास मात्र फार लांबचा नाही. गोदरेजने भारतात फ्रिज बनवला तो १९५८ साली, आणि परदेशी मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे टिकत नाही हे घरीच अनुभवल्यावर सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने ‘सुमीत’ मिक्सर मुंबईतून बाजारात आणला तो १९६३ साली. याचा अर्थ असा की आज ज्यांच्यावाचून घर चालत नाही त्या वस्तूंवाचून यादीकर्त्यांच्या आजीने संसार केला. आजोबांना तर घरात मिक्सर नाही याचा पत्ताही नसावा, कारण पाट्याशी बसण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. सोयीची गरज ठरवणारा आणि गैरसोय सोसणारा ही दोन वेगळी माणसे असतात, ही गोष्ट यादीशास्त्रात अद्याप पुरेशी नोंदली गेलेली नाही.

या शास्त्राच्या कसोटीसाठी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले तळेघर हे गाव सोयीचे आहे. मंचरहून घोडेगाव, डिंभे आणि पोखरीचा घाट मागे टाकून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. आसपासची वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची, शेती भाताची आणि नाचणी-वरईची, आणि हाती रोख पैसा येण्याचे एक साधन म्हणजे बाळहिरडा, अर्थात पिकण्यापूर्वीच झाडावरून उतरवून वाळवलेले हिरड्याचे कोवळे फळ. श्रावणात ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला निघालेल्या शहरी भाविकाची गाडी या बाजूला चढू लागली की त्याचा मोबाइल मधूनमधून मौन धरतो, चहाचे पैसे ‘स्कॅन’ होत नाहीत आणि पाकिटात नोटा नसतात. मग देवाआधी मोबाइलच्या मनोऱ्याचे दर्शन कोणत्या टेकाडावरून होते याची चौकशी सुरू होते. या अवस्थेला भाविक ‘निसर्गाच्या सान्निध्यात हरवणे’ म्हणतो. वादळवाऱ्यात तार तुटून गावाची वीज दिवसचे दिवस गेली म्हणजे मात्र त्या अवस्थेला असे सुंदर नाव मिळत नाही.

यादीतील यंत्रांची डोंगरातील घराशी तुलना केल्यास चुलीचा पराक्रम डोळ्यांत भरतो. स्वयंपाक, अंघोळीचे पाणी, पावसाळ्यात दांडीवर टाकलेल्या ओल्या कपड्यांची सुकवणी, माळ्यावरच्या बियाण्याला किडीपासून राखणारा धूर आणि थंडीत शेक अशी निदान पाच यंत्रांची कामे ती एकटी करते, आणि तिला वॉरंटी कार्ड लागत नाही. शहराला हे उशिरा कळले. पण कळल्यावर त्याने हायवेच्या कडेला ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या लावल्या आणि धुराचा वास भाकरीच्या दरात मिळवला. पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला येत नाही, हा सिद्धान्तही त्याच सुमारास जेवणाऱ्यांनी मांडला. वाटणाऱ्यांनी त्यावर मत दिल्याचे दिसत नाही, कारण त्या वेळी त्यांचे दोन्ही हात वरवंट्यावर असतात.

चुलीचे बिल महावितरणकडून येत नाही, एवढ्यावरून ती फुकट आहे असे समजणे हा हिशेबातला घोटाळा होय. रानातून मोळी आणणारे डोके, फुंकणीने विस्तव धरवताना चुरचुरणारे डोळे आणि वर्षानुवर्षे छातीत साचणारा धूर यांची नोंद कोणत्याच मीटरवर होत नाही. गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, तेव्हा तिचे प्रयोजन या त्रासातून सुटका हेच होते. परंतु १४.२ किलोची टाकी एकदा संपली की दुसरी आणायला रोख पैसे लागतात, आणि ज्या घरात रोख पैसा हिरड्याच्या नाहीतर मजुरीच्या हंगामातच येतो तेथे शेगडी पाहुण्यांसाठी आणि लाकूड भिजलेल्या दिवसांसाठी राखली जाते. शहरात जी सोय चोवीस तासांची, तीच डोंगरात सणावारी.

यादीशास्त्राची खरी परीक्षा पाण्यापाशी होते. सह्याद्रीच्या या माथ्यावर पाऊस चार महिने धो धो कोसळतो; परंतु बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला काळा कातळ, पाणी फारसे पोटात ठेवत नाही आणि उतार ते तसेच खाली धाडतो. खाली घोड नदीवर डिंभे धरण आहे. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी हे एक, आणि त्या प्रकल्पाचे पाणी पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतील शेतीला जाते. धरणाची साठवणक्षमता सुमारे १३.५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे हे जलजीवन मिशनचे माप लावले, तर भरलेले डिंभे कागदावर सुमारे १ कोटी ९० लाख माणसांना वर्षभर पुरते. या हिशेबात फक्त धरणाच्या वर राहणारी माणसे धरायची राहतात. उन्हाळ्यात विहिरी आटतात, टँकरची वाट पाहिली जाते, आणि ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण या तालुक्यात भाषेच्या पुस्तकातून शिकवावी लागत नाही.

त्याच मापाने पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर पाणी हवे. पंधरा लिटरचा हंडा धरल्यास हे १८ हून थोडे अधिक हंडे होतात. प्रत्येक हंड्यातील पाण्याचेच वजन १५ किलो, वाट चढाची, आणि डोके बहुधा घरातील बाईचे किंवा शाळा बुडवलेल्या मुलीचे. त्यामुळे अशा घरात ५५ लिटरचे माप आपोआप खाली येते. वॉशिंग मशीनमध्ये ‘क्विक वॉश’चे बटण कोठे असते, या प्रश्नावर या घरांत म्हणूनच मतभेद होत नाहीत.

दूरच्या सोयीसाठी जवळच्यांनी जागा देण्याची रीतही जुनीच आहे. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांत अडवलेल्या पावसावर खोपोलीचे वीजघर १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालवू लागले. पुढे मुळशीच्या धरणात जमिनी जाणार म्हणून शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ पासून सत्याग्रह केला, आणि धरण तरीही झाले. ज्या गावाचे नाव तालुक्याला मिळाले ते मूळ आंबेगावही डिंभ्याच्या जलाशयात गेले, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. शहरातील बटण दाबताच दिवा लागतो आणि तोटी फिरवताच पाणी येते, यामागे कोठेतरी कोणीतरी उठून गेलेले असते. पण बटणावर तसे छापण्याची पद्धत नाही.

एक सोय मात्र शहरी यादीत कधीच आढळत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावू लागलेली एसटी ही डोंगरातील घराची दवाखाना, शाळा आणि बाजार यांच्याशी असलेली एकमेव जोडणी असू शकते. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ माणसे गेली, तेव्हा बाहेरच्या जगाला ती वार्ता कळली ती नेमाने त्या वाटेने जाणाऱ्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. त्या दिवशी कोणतेही ‘स्मार्ट’ उपकरण त्या लाल गाडीच्या पुढे गेले नाही.

तेव्हा पुढील दशकाची यादी सोफ्यावर बसून न करता, हंडा कोण भरते आणि मोळी कोण आणते हे विचारून करावी. पहिला क्रमांक घरातल्या नळाला द्यावा, मात्र जोडणी मोजताना तोटीतून पाणी येते की नुसती हवा, हेही पाहावे. दुसरा क्रमांक परवडणाऱ्या टाकीला, तिसरा वेळेवर येणाऱ्या एसटीला आणि चौथा टिकणाऱ्या विजेला मिळावा. मिक्सरचा दावा खराच आहे, पण त्याने वीज येईपर्यंत थांबावे. आणि वायफायशिवाय ज्यांना खरोखरच जगता येत नसेल त्यांनी चैत्रात आठवडाभर तळेघरच्या वाटेने हंडे वाहून आपला अर्ज पुन्हा दाखल करावा.