अगं बाई, मशीनला चाकं लावली!

ऐकलंत का? अमेरिकेत केंटकी राज्यात पडुका म्हणून एक गाव आहे, वस्ती असेल पंचवीस-सत्तावीस हजार. एप्रिलमध्ये तिथे क्विल्टवाल्यांची, म्हणजे तिकडच्या गोधडीवाल्यांची, अशी जत्रा भरते की गावात राहायला खोली मिळायची मारामार. २०१३ साली युनेस्कोने या गावाला हस्तकला आणि लोककलेचं शहर म्हणून मान दिला. हस्तकला हं! आणि तिथे मिरवतात कोण, तर मशीनवाल्या. आता बोला!

वाद सगळा टाक्यांचा. वर तुकडे जोडून केलेला देखणा भाग, मध्ये बॅटिंगचा म्हणजे भरावाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्ही एकजीव राहावेत म्हणून आरपार घातलेले टाके. गोधडी शिवणाऱ्या आजीला यातलं काही समजावून सांगायला नको. पण हे टाके हातानेच घालायचे, मशीनने शिवलं ते कसलं क्विल्ट, असा तिकडे सोवळ्याचा नियम होता. त्याला १९८९ साली पडुकातच सुरुंग लागला. कॅरल ब्रायर फॅलर्ट या बाईंच्या ‘कोरोना २: सोलर एक्लिप्स’ या क्विल्टला तिथल्या जत्रेच्या प्रदर्शनातलं सर्वोच्च बक्षीस मिळालं. (घाबरू नका, हा कोरोना सूर्याभोवतीचा.) मशीनने टाके घातलेल्या क्विल्टला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. त्यातून बाई नोकरीने विमानसेविका! हातशिलाईवाल्यांनी काय नाकं मुरडली असतील! आता तेच क्विल्ट पडुकाच्या राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात दिमाखात आहे.

म्हणजे मशीनवाल्या जिंकल्या म्हणायच्या? छे हो. जिंकल्या आणि लगेच स्वतःच सोवळ्यात गेल्या.

कारण आलं लाँगआर्म मशीन. घरच्या मशीनवर मशीन जागच्या जागी आणि कापड फिरतं. कापड पुढे सरकवणारे दाते खाली पाडायचे, बोटांना पकड यावी म्हणून रबरी टोकांचे हातमोजे चढवायचे आणि डबलबेडभर पांघरूण सुई नि मशीनचा खांब यांच्यामधल्या सात-आठ इंचांत गुंडाळी करून कोंबायचं. गर्दीच्या लोकलमध्ये गादी चढवण्यातलाच प्रकार. आधी जमिनीवर रांगत तिन्ही थरांना शेकडो सेफ्टी पिना टोचा, मग खांदे भरून येईपर्यंत ते धूड ओढा. आणि लाँगआर्मवाली? तिचे तिन्ही थर दहा-बारा फुटी चौकटीच्या रुळांवर ताणलेले. पिनाबिना काही नाही. कापड जागेवर, मशीनच चाकांवर फिरतं, आणि बाई दोन मुठी धरून ताठ उभी. ही काय शिवण झाली? ही तर सायकल!

बरं, किंमत विचारू नका. विचारलीच आहे तर सांगते: दहा हजार डॉलरपासून पुढे, कंप्युटरवालं घ्याल तर तीस-चाळीस हजारांपर्यंत. शिवाय ठेवायला अख्खी खोली. जिच्याकडे पैसे नि खोली दोन्ही नाही, ती नुसता वरचा भाग शिवते आणि लाँगआर्मवालीकडे पाठवून देते. दर लागतो चौरस इंचावर. साध्या नक्षीला तीन सेंट धरले, तर नव्वद बाय नव्वदच्या पांघरुणाचे ८,१०० चौरस इंच, म्हणजे २४३ डॉलर, बॅटिंग वेगळं. याला कुजकटपणे म्हणतात ‘चेकने केलेलं क्विल्टिंग’. सुईऐवजी पेन चाललं ना!

मी मात्र इथे जरा लाँगआर्मवालीची बाजू घेणार. त्या मुठी धरून बघाव्यात एकदा. सुई एका वेगाने धावत असते. हात जोरात गेला की टाके ढांगा टाकतात, थबकला की एकाच जागी दोऱ्याची गाठोडी. साधं गोल वळण घोटीव यायला महिने जातात. मग टाक्याची लांबी आपोआप सारखी ठेवणारी सोय निघाली, आणि झालं, जुन्या लाँगआर्मवाल्यांनीच कपाळाला हात लावला. पुढे कंप्युटर आला. नक्षी निवडा, बटण दाबा, कॉफी करून या. तेव्हा तर ज्यांना कालपर्यंत सायकलवाल्या म्हणून हिणवत होते, त्याच म्हणू लागल्या, ‘आमचं निदान हाताने तरी असतं!’ हाताने! १९८९ च्या आज्यांनी ऐकलं असतं तर?

पडुकाच्या आयोजकांनी भांडण मिटवायला कारागिरीची बक्षिसंच वेगळी केली: हाताच्या कामाचं एक, जागच्या जागी बसणाऱ्या मशीनचं एक, फिरत्या मशीनचं एक. वाटलं, आता तरी शांतता. पण सर्वोच्च बक्षीस एकच, आणि ते दोघींच्या क्विल्टला मिळालं तर? एकीने वर्षभर बसून तुकडे जोडले, दुसरीने चौकटीवर चढवून टाके घातले. बघणारा बोट ठेवतो टाक्यांवर, आणि घरच्यांच्या कौतुकात मालकीण एकटीच. म्हणून मागच्या लेबलावर दोन्ही नावं घालायची शिस्त आली. आता कुजबुज एवढीच, की वरचं नाव कुणाचं, आणि टाके कंप्युटरने घातले असतील तर तिसरी ओळ लिहायची की नाही.